घटक ५ : खेळाडूंच्या हालचालींचे चाळणी-परीक्षण आणि दुखापत-प्रतिबंध

५.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणांस –
• क्रीडा-दुखापतीमागील कारणांची गुंतागुंत स्पष्ट करता येईल.
• चाळणी-परीक्षण आणि निदान यांतील फरक सांगता येईल.
• हालचालींच्या प्रमुख चाचण्यांचे स्वरूप व गुणदान-पद्धती यांचे वर्णन करता येईल.
• चाचणीची संवेदनशीलता व विशिष्टता यांचा अर्थ आकडेमोडीच्या साहाय्याने मांडता येईल.
• चाचणीच्या निष्कर्षाचा योग्य व अयोग्य वापर यांबाबत विवेकाने निर्णय घेता येईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण क्रीडा-दुखापतींचे प्रकार आणि त्यांवरील प्रथमोपचार यांचा परिचय करून घेतला. दुखापत झाल्यावर काय करावे, हा त्या घटकाचा विषय होता. प्रस्तुत घटकात आपण एक पाऊल मागे जाणार आहोत. खेळाडू बैठक कशी मारतो, उडी घेऊन जमिनीवर कसा उतरतो, पाय किती उंच उचलतो, एवढे बारकाईने पाहिले तर त्याला पुढे दुखापत होईल की नाही, हे आधी सांगता येते काय?

हा प्रश्न केवळ अभ्यासापुरता मर्यादित नाही. आपल्यापैकी काहीजण शाळेत शिकवीत असतील, काहीजण गावातील संघाला मार्गदर्शन करीत असतील आणि अनेकजण पालक असतील. उद्या एखाद्या शिबिरात तेरा वर्षांच्या मुलीच्या हाती गुणपत्रक दिले जाईल आणि ‘हिची हालचाल सदोष आहे, हिला दुखापतीचा धोका आहे,’ असे सांगितले जाईल. त्या एका वाक्यावर तिची संघातील निवड, तिचा आत्मविश्वास आणि कदाचित तिचे खेळणेच अवलंबून राहील. त्या गुणपत्रकाचा नेमका अर्थ काय आणि त्यावरून कोणता निर्णय घेणे न्याय्य ठरेल, हे आपणांस सांगता आले पाहिजे.

५.२ विषय-विवेचन

५.२.१ दुखापत कशी घडते?

दुखापत-प्रतिबंधाच्या अभ्यासाला शिस्त देणारी एक मांडणी डच संशोधक विलेम व्हान मेखेलेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली केली. तीत चार पायऱ्या आहेत. पहिली पायरी म्हणजे दुखापतींचे प्रमाण व गांभीर्य मोजणे. दुसऱ्या पायरीवर त्यांची कारणे व घडण्याची रीत शोधावयाची. तिसऱ्या पायरीवर प्रतिबंधक उपाय योजावयाचा आणि चौथ्या पायरीवर दुखापतींचे प्रमाण पुन्हा मोजून उपाय लागू पडला की नाही हे पडताळावयाचे. ही चौथी पायरी लक्षात ठेवा. प्रस्तुत घटकातील बहुतेक वाद तिच्याभोवती फिरतात.

दुखापतीची कारणे दोन गटांत विभागता येतात. वय, लिंग, पूर्वीची दुखापत, स्नायूंची ताकद, सांध्यांची लवचीकता व हालचालीची सवय ही आंतरिक कारणे होत. मैदानाचा पृष्ठभाग, पादत्राणे, सरावाचा भार, प्रतिस्पर्ध्याचा धक्का ही बाह्य कारणे होत. दोहोंच्या मिलाफातून खेळाडू दुखापतप्रवण बनतो. तथापि प्रत्यक्ष दुखापत होण्यासाठी एखादा निर्णायक क्षण यावा लागतो. तोल गेलेला असताना पाय टेकणे किंवा धावताना अचानक दिशा बदलणे ही त्याची उदाहरणे होत.

गुडघ्यातील ‘एसीएल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अस्थिबंधाचे उदाहरण घेऊ. मांडीचे हाड व नडगीचे हाड यांना गुडघ्याच्या आत तिरपा बांधून ठेवणारा हा अस्थिबंध आहे. हँडबॉल, बास्केटबॉल, फुटबॉल यांसारख्या खेळांत तो तुटतो, तेव्हा अनेकदा कोणाचा धक्काही लागलेला नसतो. खेळाडू जवळजवळ सरळ गुडघ्याने जमिनीवर उतरतो, गुडघा आतल्या बाजूस कलंडतो आणि पाय टेकल्यापासून सुमारे ४० मिलिसेकंदांत अस्थिबंध तुटतो. एवढ्या अल्प काळात विचार करून पाय सावरणे कोणालाही शक्य नाही. म्हणून योग्य हालचाल आधीच अंगवळणी पडलेली असावी लागते. हालचालींच्या परीक्षणाची कल्पना याच विचारातून पुढे आली.

५.२.२ चाळणी-परीक्षण म्हणजे काय?

धान्य चाळताना आपण प्रत्येक दाणा हाती घेऊन पाहत नाही. चाळणीच्या भोकांचा आकार ठरवितो की काय खाली पडेल आणि काय वर राहील. भोके मोठी असतील तर खड्यांबरोबर चांगले दाणेही खाली जातात. बारीक असतील तर काही खडे दाण्यांतच राहतात. वैद्यकातील चाळणी-परीक्षणही असेच असते. वरवर निरोगी दिसणाऱ्या अनेक व्यक्तींमधून अधिक तपासणीची गरज असलेल्या व्यक्ती वेगळ्या काढणे, हे त्याचे काम होय. आजार आहे की नाही हे ठरविणे म्हणजे निदान. ते काम चाळणीचे नाही.

कोणते चाळणी-परीक्षण करणे योग्य, याचे निकष विल्सन व युंगनर यांनी १९६८ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी मांडले. ज्या समस्येसाठी परीक्षण करावयाचे ती महत्त्वाची असावी, चाचणी विश्वसनीय व लोकांना स्वीकारार्ह असावी आणि दोष आढळल्यास त्यावर उपाय उपलब्ध असावा, हे त्यांपैकी काही निकष आहेत. हे निकष आजारांसाठी मांडले गेले असले, तरी क्रीडाक्षेत्रातील चाचण्यांनाही ते लावून पाहता येतात.

५.२.३ सात हालचालींचे परीक्षण

या क्षेत्रात सर्वाधिक प्रसिद्धी पावलेली पद्धती म्हणजे ‘फंक्शनल मूव्हमेंट स्क्रीन’, संक्षेपाने ‘एफएमएस’. अमेरिकेतील ग्रे कुक, ली बर्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती विकसित केली. तीत पुढील सात हालचाली करून घेतात.

१) खोल बैठक : दोन्ही हातांनी काठी डोक्यावर धरून, टाचा न उचलता पूर्ण खाली बसणे.
२) अडथळा ओलांडणे : खांद्यावर काठी आडवी धरून नडगीच्या वरच्या टोकाइतक्या उंचीच्या दोरीवरून पाय पलीकडे नेणे.
३) एका रेषेतील लंज : दोन्ही पाऊले एकामागे एक अशी एकाच रेषेत ठेवून मागचा गुडघा खाली टेकविणे.
४) खांद्यांची चलनक्षमता : एक हात वरून व दुसरा खालून पाठीमागे नेऊन दोन मुठींमधील अंतर मोजणे.
५) सरळ पाय उचलणे : उताणे झोपून, गुडघा न वाकविता एक पाय वर उचलणे.
६) धडाची स्थिरता : पालथे झोपून, कंबर न लचकविता संपूर्ण शरीर एकसंधपणे हातांवर उचलणे.
७) फिरकीतील स्थिरता : हात व गुडघे टेकलेल्या स्थितीत एक हात व एक पाय एकाच वेळी लांबविणे.

प्रत्येक हालचालीला ० ते ३ गुण दिले जातात. हालचाल निर्दोष झाल्यास ३, काही भरपाई करून किंवा आधार घेऊन जमल्यास २ आणि मुळीच न जमल्यास १ गुण मिळतो. हालचाल करताना वेदना झाली, तर ती कितीही सुबक असली तरी ० गुण देतात. पाच हालचाली डाव्या-उजव्या बाजूंनी स्वतंत्रपणे पाहिल्या जातात आणि दोहोंपैकी कमी असलेला गुण धरला जातो. एकूण गुण २१ असतात.

येथे ‘भरपाई’ ही संकल्पना नीट समजून घ्या. घोट्याचा सांधा पुरेसा वाकत नसेल, तर खोल बैठक मारताना खेळाडू टाचा उचलतो किंवा धड पुढे झुकवितो. काम पार पडते, परंतु एका सांध्याची उणीव दुसऱ्या सांध्यावर लादली जाते. टाचांखाली फळी दिल्यावर तीच बैठक सुधारली, तर उणीव कोठे असावी याचा अंदाज येतो. हालचाल पाहण्याचे खरे मोल या प्रकारच्या माहितीत आहे.

शून्य गुणाचा अर्थही वेगळा आहे. तो वेदनेचा संकेत होय. अशा खेळाडूस व्यायाम सुचविण्याऐवजी डॉक्टरांकडे किंवा भौतिकोपचारतज्ज्ञाकडे पाठवावे.

५.२.४ उडी व तोल यांच्या चाचण्या

दुसरी महत्त्वाची चाचणी उडीची आहे. खेळाडू ठरावीक उंचीच्या खोक्यावरून खाली उतरतो आणि पाय टेकताच शक्य तितकी उंच उडी घेतो. उतरण्याच्या क्षणी गुडघे पावलांच्या रेषेत राहतात की आत कलंडतात, याचे कॅमेऱ्यांनी व बल मोजणाऱ्या फळीने मापन करतात.

तोलाच्या चाचणीत खेळाडू एका पायावर उभा राहून दुसरा पाय निरनिराळ्या दिशांना शक्य तितका लांब नेतो. अमेरिकेतील शालेय बास्केटबॉलपटूंच्या २००६ सालच्या एका अभ्यासात, पुढील दिशेने दोन पायांच्या पोहोचीत ४ सेंटिमीटरहून अधिक फरक असलेल्या खेळाडूंना पायाच्या दुखापतीचा धोका सुमारे अडीचपट आढळला.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
अ) चाळणी-परीक्षण व निदान यांत कोणता फरक आहे?
आ) एफएमएस पद्धतीत ० गुण केव्हा देतात व त्यानंतर काय करावे?

५.२.५ गुणांचे गणित

२००७ साली काइल किझेल व सहकाऱ्यांनी अमेरिकन फुटबॉलच्या एका व्यावसायिक संघातील ४६ खेळाडूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. हंगामापूर्वीच्या परीक्षणात १४ किंवा त्याहून कमी गुण मिळालेल्या खेळाडूंना गंभीर दुखापत होण्याची शक्यता अधिक दिसली. तेव्हापासून ‘१४ गुण’ ही जणू लक्ष्मणरेषा ठरली. या रेषेची संवेदनशीलता सुमारे ५४ टक्के व विशिष्टता सुमारे ९१ टक्के आढळली होती.

या दोन संज्ञांचा अर्थ पाहू. ज्यांना पुढे खरोखर दुखापत झाली, त्यांपैकी किती जणांना चाचणीने आधी ओळखले होते, याचे प्रमाण म्हणजे संवेदनशीलता. ज्यांना दुखापत झाली नाही, त्यांपैकी किती जणांना चाचणीने निर्धोक ठरविले होते, याचे प्रमाण म्हणजे विशिष्टता.

आता कल्पना करा, की १०० खेळाडू आहेत आणि त्यांपैकी १५ जणांना हंगामात गंभीर दुखापत होणार आहे. वरील प्रमाणे लावल्यास –
• दुखापत होणाऱ्या १५ पैकी सुमारे ८ जण ओळखले जातील. ७ जण निसटतील.
• दुखापत न होणाऱ्या ८५ पैकी सुमारे ७७ जण निर्धोक ठरतील. ८ जणांवर विनाकारण ‘धोका’ असा शिक्का बसेल.

म्हणजे ज्या १६ जणांना आपण धोक्यात असल्याचे सांगू, त्यांपैकी निम्म्यांच्या बाबतीत आपले म्हणणे चुकीचे ठरेल. ज्यांना आपण निश्चिंत केले, त्यांच्यात दुखापत होणारे ७ जण असतील. चाळणीची भोके बदलून, म्हणजे रेषा १४ ऐवजी १६ वर नेऊन, अधिक जण पकडता येतील. परंतु तेवढ्याच प्रमाणात नाहक शिक्के वाढतील. ही अडचण रेषा हलवून सुटत नाही.

येथे एक सूक्ष्म भेद ध्यानात घ्यावा. ‘कमी गुण असलेल्या गटात दुखापती अधिक आढळल्या’ हे विधान गटाविषयी आहे. ‘या मुलीला दुखापत होईल’ हे विधान व्यक्तीविषयी आहे. पहिले खरे असूनही दुसरे खरे ठरेलच असे नाही. गटाचा संबंध व्यक्तीचे भाकीत म्हणून वापरणे, हा या विषयातील सर्वांत मोठा तर्कदोष होय.

५.२.६ पुढील संशोधनाने काय दाखविले?

पहिल्या अभ्यासांतील आशा पुढील अभ्यासांत तितकीशी टिकली नाही. उडीच्या चाचणीबाबत टिमोथी ह्युएट यांच्या गटाने २००५ साली २०५ मुलींवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी ९ जणींचा एसीएल पुढे तुटला आणि त्यांचे गुडघे उतरताना अधिक आत कलंडत असल्याचे आढळले. नऊ ही संख्या लहान आहे, हे आपण आता ओळखू शकता. नॉर्वेतील संशोधकांनी हीच कल्पना फुटबॉल व हँडबॉल खेळणाऱ्या ७१० अव्वल महिला खेळाडूंवर पडताळून २०१६ साली निष्कर्ष मांडले. गुडघा आत कलंडण्याचा दुखापतीशी काही संबंध दिसला. परंतु जखमी झालेल्या व न झालेल्या खेळाडूंची मापे एकमेकांत इतकी मिसळलेली होती, की भाकितासाठी ही चाचणी निरुपयोगी ठरली.

एफएमएसबाबतही असेच घडले. अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला. एकूण गुण व पुढील दुखापत यांतील संबंध भाकितासाठी वापरण्याइतका भक्कम नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. अग्निशामक कर्मचाऱ्यांवरील एका प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली. गुण कोणत्या निकषांवर दिले जातात एवढे सांगताच त्यांचे गुण वाढले. काही मिनिटांत त्यांचे सांधे व स्नायू बदलले नव्हते. म्हणजे गुणांत शरीराच्या क्षमतेबरोबर सूचनेची समजही मोजली जाते.

नॉर्वेचे रोआल्ड बार यांनी २०१६ साली या साऱ्याचा परामर्श घेतला आणि चाचणीने पार कराव्यात अशा तीन कसोट्या मांडल्या. चाचणीचा दुखापतीशी संबंध दिसावा. तो नव्या गटांवरही टिकावा. आणि केवळ धोक्यातील खेळाडू निवडून त्यांना व्यायाम देणे हे सर्वांना तोच व्यायाम देण्यापेक्षा अधिक लाभदायक असल्याचे प्रयोगाने सिद्ध व्हावे. या तिन्ही कसोट्यांवर उतरलेली एकही चाचणी त्यांना आढळली नाही.

५.२.७ सर्वांसाठी प्रतिबंध

तिसऱ्या कसोटीतच उपायाचे बीज आहे. प्रतिबंधक व्यायाम स्वस्त, निर्धोक व सर्वांना हितकर असेल, तर तो निवडक खेळाडूंनाच का द्यावा?

‘इलेव्हन प्लस’ या नावाने ओळखला जाणारा, फिफाच्या पुढाकाराने तयार झालेला उत्तेजक व्यायामांचा कार्यक्रम याचे उत्तम उदाहरण आहे. त्यात सुमारे २० मिनिटांचे १५ व्यायाम असून त्यांचे तीन भाग आहेत. आरंभी हळू धावणे व हालचाली, मध्यभागी ताकद, तोल व उड्या, आणि अखेरीस वेगाने धावणे व दिशा बदलणे. गुडघा पावलाच्या रेषेत ठेवा आणि गुडघे वाकवून अलगद उतरा, या सूचना त्यात पुनःपुन्हा दिल्या जातात. नॉर्वेत १३ ते १७ वयोगटातील १८९२ मुलींवर झालेल्या व २००८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, हा कार्यक्रम दिलेल्या गटात एकूण दुखापती सुमारे एकतृतीयांशाने आणि गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्याने कमी आढळल्या. मात्र केवळ पायांच्या दुखापती मोजल्या असता दिसलेली घट निर्णायक ठरविण्याइतकी मोठी नव्हती.

या प्रयोगात कोणत्याही मुलीला आधी ‘सदोष’ ठरवावे लागले नाही. मात्र असा व्यायाम सातत्याने केला तरच त्याचा लाभ होतो. शिबिरापुरता करून सोडून दिलेला कार्यक्रम कागदावरच राहतो.

५.२.८ मग परीक्षणाचा उपयोग कोणता?

वरील विवेचनावरून हालचाली पाहणेच व्यर्थ आहे, असा निष्कर्ष काढू नये. भाकीत हा परीक्षणाचा एकमेव हेतू नाही. त्याचे पुढील उपयोग आजही मोलाचे आहेत.

१) लपलेली वेदना उघड होणे : संघातून वगळले जाण्याच्या भीतीने अनेक खेळाडू दुखणे सांगत नाहीत. पूर्वीची अपुरी बरी झालेली दुखापत हे नव्या दुखापतीचे एक ठळक कारण असल्याने ही माहिती फार महत्त्वाची ठरते.
२) मूळ नोंद मिळणे : पुढे दुखापत झालीच, तर खेळाडूची पूर्वीची क्षमता किती होती हे ठाऊक असल्यास पुनरागमनाचा निर्णय अधिक आधाराने घेता येतो.
३) शिकविण्यास दिशा मिळणे : कोणती हालचाल कोणास जमत नाही, हे कळल्यास सराव नेमका होतो.

यावरून मार्गदर्शकासाठी काही पथ्ये निघतात. परीक्षणापूर्वी खेळाडूची आणि तो अल्पवयीन असल्यास पालकांची संमती घ्यावी. निष्कर्ष इतरांसमोर वाचून दाखवू नयेत. एकूण गुणांपेक्षा प्रत्येक हालचालीची स्वतंत्र नोंद महत्त्वाची मानावी. कारण दोन खेळाडूंचे एकूण १४ गुण सारखे असले, तरी त्यांच्या उणिवा सर्वस्वी भिन्न असू शकतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, केवळ गुणांच्या आधारे कोणासही संघातून वगळू नये. ज्या दिवशी खरे सांगितल्याची शिक्षा होते असे खेळाडूंना दिसेल, त्या दिवसापासून ते वेदना लपवू लागतील आणि परीक्षणाचा पहिला व सर्वांत भरवशाचा उपयोगच संपेल.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २
अ) समजा, २०० खेळाडूंपैकी १० जणींना दुखापत होणार आहे. चाचणीची संवेदनशीलता ८० टक्के व विशिष्टता ७० टक्के आहे. किती जणींवर ‘धोका’ असा शिक्का बसेल व त्यांपैकी किती जणींना खरोखर दुखापत होईल?
आ) रोआल्ड बार यांची तिसरी कसोटी कोणती?

५.३ सारांश

क्रीडा-दुखापत अनेक आंतरिक व बाह्य कारणांच्या मिलाफातून आणि एखाद्या निर्णायक क्षणी घडते. हालचालींच्या चाळणी-परीक्षणातून शरीराच्या उणिवा, भरपाईच्या सवयी व लपलेल्या वेदना दिसून येतात. तथापि कोणत्या खेळाडूस दुखापत होईल, हे या चाचण्यांना विश्वासार्हपणे सांगता आलेले नाही. गटाविषयीचा निष्कर्ष व्यक्तीवर लादणे तर्कदुष्ट व अन्यायकारक आहे. म्हणून परीक्षण समजून घेण्यासाठी करावे आणि प्रतिबंधक व्यायाम सर्वांना द्यावा.

५.४ पारिभाषिक शब्द

• अस्थिबंध : दोन हाडांना सांध्यापाशी जोडणारा चिवट तंतूंचा पट्टा.
• भरपाई : एका सांध्याची उणीव दुसऱ्या सांध्याच्या अधिक हालचालीने भरून काढणे.
• संवेदनशीलता : दुखापत होणाऱ्यांपैकी चाचणीने ओळखलेल्यांचे प्रमाण.
• विशिष्टता : दुखापत न होणाऱ्यांपैकी चाचणीने निर्धोक ठरविलेल्यांचे प्रमाण.
• उत्तेजक व्यायाम : खेळापूर्वी शरीर सिद्ध करणारे व्यायाम, वॉर्म-अप.

५.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ – अ) चाळणी-परीक्षणाने अधिक तपासणीची गरज असलेल्या व्यक्ती वेगळ्या काढल्या जातात, निदानाने विकार आहे की नाही हे ठरते. आ) हालचाल करताना वेदना झाल्यास ० गुण देतात, त्यानंतर खेळाडूस तज्ज्ञाकडे पाठवावे.

प्रश्न २ – अ) १० पैकी ८ जणी ओळखल्या जातील. उरलेल्या १९० पैकी ३० टक्के, म्हणजे ५७ जणींवर नाहक शिक्का बसेल. अशा रीतीने एकूण ६५ जणी धोक्यात ठरतील व त्यांपैकी केवळ ८ जणींना दुखापत होईल. आ) धोक्यातील खेळाडू निवडून दिलेला व्यायाम, सर्वांना दिलेल्या त्याच व्यायामापेक्षा अधिक लाभदायक असल्याचे प्रयोगाने सिद्ध होणे.

५.६ सरावासाठी स्वाध्याय

१) ‘दुखापत-प्रतिबंधाच्या चार पायऱ्या’ सोदाहरण स्पष्ट करा.
२) चाळणीची रेषा वर किंवा खाली नेल्याने काय साधते व काय गमावले जाते, याची चर्चा करा.
३) ‘केवळ चाचणीच्या गुणांवरून खेळाडूस संघातून वगळणे योग्य नाही.’ या विधानाचे समर्थन करा.

५.७ क्षेत्रीय कार्य

आपल्या परिसरातील शाळेच्या किंवा मंडळाच्या कबड्डी अथवा खो-खो संघाच्या सरावास मार्गदर्शकांच्या अनुमतीने सलग तीन दिवस उपस्थित राहा. उत्तेजक व्यायामांना किती मिनिटे दिली जातात, त्यांत तोल व उडीचे व्यायाम असतात काय, आणि उडीवरून उतरताना खेळाडूंना कोणत्या सूचना मिळतात, याची नोंद करा. कोणत्याही खेळाडूचे नाव न लिहिता आपली निरीक्षणे दोन पृष्ठांत मांडा आणि सरावात करता येण्याजोगा एक बदल सुचवा.